स्टार्टरच्या पॉइंटातली चांदी

आमच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दर उन्हाळ्यात एकदा तरी रुसायचा. हिरवं बटण दाबलं की आतून नुसताच घर्र आवाज यायचा, मोटर काही उठायची नाही. मग गावातून वायरमन यायचा, मेन स्विच पाडायचा, स्टार्टरचं लोखंडी झाकण उघडायचा आणि आत डोकावून एकच वाक्य बोलायचा, "पॉइंट गेल्यात." नवे पॉइंट बसले की पाच मिनिटांत पाटाला पाणी. काढलेले जुने पॉइंट मात्र तो तिथं टाकून जात नसे. पट्टीवर बसवलेल्या त्या काळ्याठिक्कर टिकल्या तो रुमालाच्या गाठीत बांधायचा. एकदा मी विचारलं, "काका, हे जळकं कशाला नेताय?" त्यानं कानस घेतली, एक टिकली जराशी घासली आणि माझ्या तळहातावर ठेवली. काळ्या कातडीखाली पांढरीशुभ्र चमक होती. "चांदी हाय बाळा," तो म्हणाला, "भंगारवाला वेगळा भाव देतो."

आमच्या घरी चांदी देवघरात असायची. एक निरांजन, एक करंडा, आजीचे पैंजण. ग्रीस माखलेल्या, मुंग्यांनी घर केलेल्या स्टार्टरात चांदी काय करते, हा प्रश्न त्या दिवशी जो डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही. उत्तर शोधत गेलो ते विहिरीवरून बेल्जियमच्या भट्टीपर्यंत पोचलो, आणि तिथून पार ताऱ्यांच्या टकरीपर्यंत.

स्टार्टरमधले पॉइंट म्हणजे विजेच्या वाटेवरचं फाटक. बटण दाबलं की दोन टिकल्या एकमेकींना भिडतात आणि वीज वाहते; बंद केलं की त्या सुटतात. पण सुटण्याच्या क्षणी वीज सहजी थांबत नाही. दोघींमधल्या एवढ्याशा फटीतून ती ठिणगी होऊन उडी मारते, आणि त्या ठिणगीचं तापमान काही हजार अंश असतं. अशी उडी दिवसातून कितीदा तरी, वर्षानुवर्षं. इथं तांबं बसवलं तर त्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो. तो थर वीज नीट जाऊ देत नाही, म्हणून तापतो, आणि तापला की आणखी जाड होतो. चांदीचं तसं नाही. एक तर खोलीच्या तापमानाला सगळ्या धातूंत वीज सर्वांत सहज वाहते ती चांदीतून. तांबं तिच्या पाच-सहा टक्के मागे. पण खरी गंमत पुढेच आहे. चांदीवर ऑक्साइड चढला तरी ठिणगीच्या उष्णतेत तो मोडतो, ऑक्सिजन उडून जातो आणि मागे पुन्हा चांदीच उरते. ज्या आगीनं पॉइंट जळतो, तीच आग त्याला थोडी धुऊनही काढते.

निव्वळ चांदी मऊ असते, उष्णतेत दोन टिकल्या एकमेकींना चिकटून बसतील. म्हणून तिच्यात टिन ऑक्साइडची बारीक कणी मिसळतात. पूर्वी कॅडमियम ऑक्साइड मिसळत. ही कणी चिकटू देत नाही आणि ठिणगी लवकर विझवते. स्टॅबिलायझरमधून येणारी टकटक, गाडीचा इंडिकेटर लागल्यावरची ती ठेक्यातली टिकटिक, कपडे धुण्याच्या यंत्रातला खट् असा आवाज, अशा पुष्कळ ठिकाणी रिले नावाची एक छोटी डबी काम करत असते आणि तिच्या आत चांदीच्या मिश्रणाची चिमुकली टिकली असते. ती कुणाला दिसत नाही.

सोन्याचं काम आणखी नाजूक. फोनच्या आत, संगणकाच्या पाटीवर इतक्या कमी दाबाची वीज धावते की तिथं ठिणगी पडत नाही, म्हणजे पृष्ठभाग आपोआप साफ होण्याचीही सोय नाही. तिथं मुळातच न काळवंडणारा धातू हवा. दमट हवा, घाम, धूर यांतलं कशाचंही सोन्यावर काही चालत नाही. फोनमध्ये घालायच्या सिमकार्डावरची पिवळी पट्टी तुम्ही हजारदा पाहिली असेल. ती चमक सोन्याच्या मुलाम्याची आहे. मेमरी कार्डाच्या दातेरी कडेवर, जोडणीच्या पिनांवरही हाच मुलामा असतो, जाडी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे आपल्या केसाच्या सत्तराव्या हिश्श्याएवढी. आणि त्या सोन्याखाली निकेलचा एक थर मुद्दाम दिलेला असतो, कारण सोनं थेट तांब्यावर चढवलं तर तांब्याचे अणू हळूहळू सोन्यातून वर झिरपतात. चिपच्या आतल्या सिलिकॉनला बाहेरच्या पिनांशी जोडायला वर्षानुवर्षं सोन्याची तार वापरली गेली. ती साधारण पंचवीस मायक्रॉन जाडीची. एक ग्रॅम सोन्यात अशी तार शंभर मीटरहून जास्त निघते! कोणत्याही सोनाराच्या जंतरपट्टीतून इतकी बारीक तार ओढली गेली नसेल.

शिवाय पॅलेडियम. पाटीवर मुंगीएवढे तपकिरी चौकोनी ठोकळे दिसतात ना, ते कपॅसिटर. जुन्या काळी त्यांच्या आतले पापुद्रे चांदी-पॅलेडियमचे असत; नव्वदच्या दशकापासून तिथं निकेल आलं. म्हणूनच जुनं दूरध्वनी केंद्र किंवा जुना संगणक मोडायला आला की जाणकारांचे कान टवकारतात.

एवढं सगळं मिळून असतं तरी किती? अमेरिकेत काही वर्षांपूर्वी जुन्या मोबाइल फोनांचा हिशेब मांडला गेला. दहा लाख फोन मोडले तर सुमारे १६ टन तांबं, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोनं आणि १५ किलो पॅलेडियम. एका फोनच्या वाट्याला सोनं येतं ३४ मिलिग्रॅम, तांदळाच्या दोन दाण्यांच्या वजनाएवढं. हे ऐकून पुष्कळ जण हिरमुसतात. मी हिरमुसलो नाही, कारण त्याच सुमारास खाणीचे आकडे वाचले होते. बहुतेक सोन्याच्या खाणींत टनभर खडक फोडून दळला की एक ते पाच-सहा ग्रॅम सोनं हाती लागतं. टनभर जुन्या हँडसेटमध्ये, बॅटऱ्या काढून, ते तीनशे ग्रॅमच्या घरात असतं. कर्नाटकातल्या कोलारला सोन्यामागे जाता जाता माणूस जमिनीत तीन किलोमीटरहून खोल उतरला. सव्वाशे वर्षांत तिथून सुमारे ८०० टन सोनं निघालं आणि २००१ साली ती खाण बंद झाली. त्याहून किती तरी पटींनी श्रीमंत खनिज आपल्या कपाटाच्या खणात, तुटक्या चार्जरच्या वायरींत गुंडाळून पडलं आहे.

आणि मुळात ते सोनं इथं आलं कुठून? १७ ऑगस्ट २०१७ ला तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची थरथर पृथ्वीवरच्या उपकरणांनी टिपली. त्या टकरीतून उसळलेल्या प्रकाशात शास्त्रज्ञांना सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं घडत असल्याच्या खुणा सापडल्या. त्या टकरीच्या मागे राहिलेल्या रेडिओलहरी ऐकणाऱ्यांत नारायणगावजवळच्या खोडदची आपली महादुर्बीणही होती. असल्या उलथापालथीत घडलेलं सोनं सूर्य जन्मण्याआधीच्या धुळीत मिसळलं आणि त्या धुळीतूनच पृथ्वी घडली.

पृथ्वी कोवळी, वितळलेली होती तेव्हा एक गोष्ट घडली. जड लोखंड ओघळून गाभ्याकडे निघालं आणि बहुतेक सगळं सोनं त्याच्याबरोबर खाली गेलं. सोन्याला वितळलेल्या धातूची विलक्षण ओढ आहे. खडकात राहण्यापेक्षा ते धातूत विरघळणं पसंत करतं. वरच्या कवचात टनामागे काही मिलिग्रॅमच उरलं, तेही बरंचसं नंतर कोसळलेल्या उल्कांनी आणलेलं असावं असं भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे जमिनीखालच्या गरम पाण्यानं कोट्यवधी वर्षं ते थोडं थोडं विरघळवून भेगांमध्ये आणून साठवलं, तेव्हा कुठे खाण झाली. निसर्गानं एवढ्या सायासानं एकत्र केलेली वस्तू आपण दोनशे वर्षांत उकरून काढली आणि मायक्रॉन मायक्रॉन करून कोट्यवधी डब्यांत पुन्हा विखरून टाकली. आता ती परत गोळा करायची आहे. मला या सगळ्या गोष्टीत सोन्याहून हे गोळा करणंच जास्त अद्भुत वाटतं.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रात झारेकरी होते, सोनाराच्या दुकानातला केर विकत घेणारे. कानशीचा कीस, भट्टीची राख, बसायच्या चटईखालची धूळ, गटाराच्या तोंडाशी साचलेला गाळ, हे सगळं ते पाटीत घेऊन पाण्यात घोळवत. हलकी माती वाहून जाई, जड कण तळाशी राही. केरात धातू किती निघेल याचा अंदाज डोळ्यांनी बांधून ते भाव ठरवत.

त्याच जातकुळीची दुसरी माणसं म्हणजे गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, विटा, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून आणि शेजारच्या खटाव-माणमधून ही कुटुंबं पोटासाठी बाहेर पडली आणि भारतभर पसरली. तामिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत जुने दागिने, मूस आणि टाकणखार घेऊन बसलेला माणूस पुष्कळदा घरी मराठी बोलतो. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. अशुद्ध सोनं शुद्ध करायचं तर तो त्यात आधी चांदी घालतो, सोन्याच्या तिप्पट! ऐकताना हे उलटंच वाटतं. पण चांदीत सोनं विरघळलं की तो त्या मिश्रणाचे बारीक रवे करतो आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकतो. आम्ल चांदीला खातं, तांब्याला खातं, सोन्याला मात्र हात लावत नाही. चांदी भरपूर असल्यामुळे आम्लाला आतपर्यंत शिरायला वाट मिळते. ती कमी असती तर सोन्यानं कडं करून तिला आतच कोंडलं असतं. शेवटी तळाशी उरते विटकरी रंगाची भुकटी. तिच्यात चमक नसते. कुणी दाखवलं नाही तर ती वीटभट्टीची माती समजून फेकून द्याल. मुशीत वितळवून ओतली की तीच सोन्याची लगड.

विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की तांबं स्वतः विरघळायला लागतं आणि त्याच्या जागी चांदी बाहेर पडते, पट्टीवर करड्या कापसासारखी उगवते आणि खाली झडते. पाणी निळं होत जातं. सोनं, चांदी, तांबं यांच्यातली ही मानाची उतरंड पुढे मोठमोठ्या कारखान्यांतही अशीच कामी येते.

एकदा तर हे काम एका देशाच्या तिजोरीएवढं मोठं झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला टेनेसी राज्यात ओक रिज इथं युरेनियम वेगळं करण्यासाठी प्रचंड विद्युतचुंबक हवे होते. तांबं तोफगोळ्यांसाठी लागत होतं, म्हणून १९४२ साली सरकारी खजिन्यातून चांदी उसनी घेतली गेली, तेरा हजार टनांहून अधिक. तिच्या पट्ट्या काढून चुंबकांची वेटोळी गुंडाळली. युद्ध संपल्यावर हिशेब चुकता करायची वेळ आली. यंत्रं सुटी करून धुतली गेली, आणि यंत्रांखालच्या लाकडी फळ्या उखडून जाळल्या, कारण त्यांच्या फटींत चांदीचा कीस अडकला होता. राखेतून चांदी काढली. शेवटची खेप १९७० मध्ये खजिन्यात परत आली, आणि तूट नगण्य निघाली. हे वाचलं तेव्हा मला पाटी घोळवणारा झारेकरीच डोळ्यांसमोर आला. तीच चिकाटी, तोच केर.

सोनं विरघळवायचं असेल तर एकटं तेजाब पुरत नाही. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन आम्लं एकत्र करावी लागतात. या मिश्रणाला आम्लराज म्हणतात. दोघांपैकी एकालाही सोनं जुमानत नाही. एकत्र आल्यावर मात्र नायट्रिक आम्ल सोन्याच्या काही थोड्या अणूंकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि ते अणू सावरायच्या आत क्लोराइड त्यांना चहूबाजूंनी घेरून द्रावणात ओढतं. मग पुढचे, मग त्यापुढचे. डेन्मार्कमध्ये १९४० साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं सांभाळायला ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं तेव्हा गंभीर गुन्हा होता, आणि पदकांवर नावं कोरलेली. जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञानं दोन्ही पदकं आम्लराजात विरघळवून टाकली. सोनं सावकाश विरघळलं, आणि बाटली प्रयोगशाळेच्या फळीवर ठेवून दिली. सैनिकांनी संस्था धुंडाळली, पण त्या बाटलीला कुणी हात लावला नाही. युद्धानंतर हेवेशी परतले तेव्हा ती जागच्या जागी होती. द्रावणातून सोनं पुन्हा काढलं, स्वीडनला पाठवलं, आणि त्याच सोन्याची पदकं पुन्हा घडवून १९५२ साली फ्रांक यांच्या हाती त्यांचं पदक परत आलं. अणू तेच होते. मधल्या काळात ते फक्त पाण्यात होते.

आज फोन-संगणकांच्या टनावारी पाट्यांचं काम करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत मात्र सुरुवात आम्लानं होत नाही. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेन इथं उमिकोर कंपनीची भट्टी आहे; तिथं सतरा वेगवेगळे धातू परत मिळवले जातात. पाट्या आल्या की पहिलं काम नमुना काढण्याचं, आणि ते सर्वांत किचकट. ढीगभर चुऱ्यातून मूठभर असा उचलायचा की त्या मुठीचा टंच, म्हणजे त्यातल्या धातूचं प्रमाण, साऱ्या ढिगाचा ठरावा. विकणाऱ्याला पैसे त्यावरच मिळतात. गलाईवाला टंच काढतो तेव्हा त्याचीही जबाबदारी हीच असते. मग चुरा भट्टीत जातो. पाटीतलं प्लॅस्टिक स्वतःच जळतं आणि इंधन होतं. काचेचे धागे वितळून मळीत जातात. तांबं वितळून तळाशी जमतं, आणि पृथ्वीच्या पोटात लोखंडानं केलं ते इथं तांबं करतं: सोनं, चांदी, पॅलेडियम या साऱ्यांना आपल्यात ओढून घेतं.

त्या तांब्याचे जाड पत्रे ओततात आणि आम्लमिश्रित पाण्यात टांगून त्यातून वीज सोडतात. तांबं एका पत्र्यावरून सुटतं आणि समोरच्या पत्र्यावर शुद्ध होऊन बसतं. सोनं-चांदी हा प्रवास करत नाहीत. तांबं निघून गेलं की ती निराधार होऊन टाकीच्या तळाशी झडतात आणि काळसर चिखल साचतो. त्या चिखलातच सारं धन असतं. जगातल्या तांब्याच्या शुद्धीकरण कारखान्यांत हा चिखल पाण्यातून उपसून जपून नेला जातो. भट्टीतून निघणाऱ्या वायूंवरही तितकंच लक्ष द्यावं लागतं. ते सावकाश निवले तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, म्हणून त्यांना झपाट्यानं थंड करून गाळतात. हा खर्च मोठा असतो, आणि म्हणूनच असे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

जपानी भाषेत या साऱ्याला सुंदर शब्द आहे, 'तोशी कोझान', शहरातली खाण. तोहोकू विद्यापीठातले मिचिओ नांजो यांनी तो १९८०च्या दशकात रूढ केला. जपानच्या एका राष्ट्रीय संशोधन संस्थेनं २००८ साली अंदाज मांडला की त्या देशातल्या वस्तूंमध्ये मिळून ६,८०० टन सोनं साठलेलं आहे, जगातल्या भूगर्भातल्या ज्ञात साठ्याच्या सुमारे सोळा टक्के. मग त्यांनी ठरवलं की टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं याच खाणीतून घडवायची. २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं लोकांनी जुन्या वस्तू आणून दिल्या, ६२ लाखांहून जास्त मोबाइल फोन आणि एकूण ७९,००० टनांच्या आसपास उपकरणं. त्यांतून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि कांस्यपदकांसाठी २,२०० किलो धातू मिळाला. एवढ्या टनांमागे सोनं इतकंच कसं, असं वाटेल. पण ढिगात पत्रा, प्लॅस्टिक आणि मोटारीच जास्त, सोन्याची पाटी त्यात नखाएवढी. म्हणून सुटं करणाऱ्या हातांना एवढं महत्त्व. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्रानं ८७.५८ मीटर भाला फेकून जे सुवर्णपदक गळ्यात घातलं, ते याच फोनांतून निघालेल्या चांदीचं होतं आणि त्यावर सहा ग्रॅमहून अधिक सोन्याचा मुलामा होता. जपानमधल्या कुणाच्या तरी आजीचा फोन त्यात असेल. राष्ट्रगीत वाजत असताना तो साऱ्या भारतानं पाहिला.

आता जे सांगायचं ते आनंदाचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच आहे. उरलेल्यातला बराच माल दिल्लीच्या सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद यांसारख्या ठिकाणी उघड्यावर जाळला जातो, आम्लात बुडवला जातो. आम्लाच्या पातेल्यातून उठणारा तांबूस धूर फुप्फुसांना आतून जाळतो, आणि त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. जुन्या पॉइंटांतला कॅडमियम गॅसच्या ज्वाळेवर धूर होऊन निघतो आणि तो श्वासातून जास्त गेला तर माणूस दगावतो. पाटीवरच्या कथिलाच्या जोडांतलं शिसं राखेतून मातीत आणि मातीतून मुलांच्या रक्तात उतरतं. चीनमधल्या ग्वियू गावात हे मोजलं गेलं आहे. आणि एवढं करूनही पाटीतलं बरंचसं सोनं हाती लागतच नाही, पॅलेडियम तर गटारात जातं. इंटरनेटवर पाहून घरी तेजाब आणणाऱ्या हौशी मुलांना मला हात जोडून सांगायचं आहे, हे करू नका. या कामातली विद्या धूर आवरण्यात आहे. सोनं काढणं त्या मानानं सोपं.

माझ्या मते सीलमपूरच्या त्या हातांना गुन्हेगार ठरवणं चूक आहे. पाटी बघून तिच्यात काय आहे हे ओळखणारी नजर त्यांच्याकडेच आहे, झारेकऱ्याची होती तशी. मोडणं, निवडणं, वेगळं करणं हे काम त्यांनी मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, चांगल्या मजुरीवर करावं आणि भट्टी-आम्लाचा भाग बंदिस्त कारखान्यात व्हावा, एवढी साधी वाटणी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या आपल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे आणि ज्या धातूंचा हिशेब त्यांना द्यावा लागतो त्यांत सोनंही आहे. पण त्या हिशेबात या हातांनाही जागा मिळायला हवी.

रसायनंही सौम्य होत आहेत. ब्रिटनची शाही टांकसाळ वेल्समध्ये २०२४ पासून खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या रसायनानं पाट्यांतलं सोनं काढते आहे. काही जिवाणू सोनं विरघळवतात, त्यांच्यावरही काम चालू आहे. पण मला सर्वांत भावला तो झुरिकचा प्रयोग. तिथल्या ईटीएच या संस्थेत राफाएले मेत्सेंगा यांच्या गटानं चीज करताना उरणारी निवळ घेतली. आपल्याकडे पनीर गाळल्यावर खाली राहते तीच. तिच्यातली प्रथिनं तापवून, आंबट करून त्यांचे बारीक तंतू केले आणि वाळवून त्यांचा स्पंज बनवला. पाट्या विरघळवलेल्या द्रावणात तो बुडवला तर बाकीच्या धातूंपेक्षा सोन्याचे अणू त्याला जास्त चिकटले. वीस जुन्या मदरबोर्डांतून त्यांनी ४५० मिलिग्रॅमचा गोळा मिळवला, बावीस कॅरटचा. दुधाच्या पाण्यानं गोळा केलेलं सोनं!

तेव्हा तुमच्या खणात जे जुने फोन, बंद पडलेले राउटर, जळके चार्जर पडून आहेत ते एकदा बाहेर काढा. फोनमधली माहिती पुसा, बॅटरी फुगली असेल तर तिला दाबू किंवा भोसकू नका, आणि हा माल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रावर किंवा तुमच्या पालिकेच्या संकलनाच्या दिवशी द्या. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था तो घेते. शेतात स्टार्टर असेल तर वायरमनला सांगा की पॉइंट वितळवू नकोस, तसेच विक. जुन्या फोनात सोनं तीस-पस्तीस मिलिग्रॅमच असतं, पण खाणीतून तेवढंच काढायला दहा किलो खडक फोडावा लागतो.